गॅस किती मिळेल, हा प्रश्नच चुकीचा

दर दोन-तीन वर्षांनी टोमॅटोचा भाव कोसळतो. नारायणगाव, पिंपळगाव बसवंतच्या बाजारातून रिकाम्या हाताने परतणारे शेतकरी क्रेटच्या क्रेट रस्त्याकडेला ओततात, त्याचे फोटो छापून येतात आणि मग सगळे पक्ष, सगळे अग्रलेख एका सुरात म्हणतात, ‘प्रक्रिया उद्योग उभारा.’ २०१८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात टोमॅटो, कांदा आणि बटाट्यासाठी ५०० कोटींची ‘ऑपरेशन ग्रीन्स’ आली, तीही याच सुरात. मागणी रास्तच आहे. पण डब्यात जे जात नाही त्याचं काय? साली, बिया, देठ, सडका माल आणि हे सगळं धुतलेलं पाणी कुठे जाणार, हे कोणी विचारत नाही. विचारतात ते थेट कारखान्याची जागा मोजायला माणसं आली की.

अशाच एका प्युरीच्या कारखान्याला ना-हरकत द्यायची की नाही, यावर झालेली ग्रामसभा मी मागच्या रांगेत बसून ऐकली. कंपनीचा माणूस म्हणाला, ‘आम्ही काही रसायन बनवत नाही. भाजीच आहे ती, कुजून मातीच होणार.’ गावातली पोरं म्हणाली, कारखाना नकोच. खालच्या अंगाला डिस्टिलरीच्या पाण्याने विहिरींचं काय झालं ते आम्ही पाहिलंय. मग एक सल्लागार लॅपटॉप उघडून उभा राहिला. कचऱ्यातून गॅस, गॅसमधून पैसा, उरलेल्या स्लरीतून खत; तीन वर्षांत गुंतवणूक वसूल. तिघांनाही टाळ्या पडल्या, आणि माझ्या मते तिघंही चुकले. त्यातही सल्लागार सर्वांत जास्त, कारण त्याचा उपाय बरोबर होता आणि त्यामागचं कारण साफ खोटं.

माझं म्हणणं असं : भाज्या-फळं डबाबंद करणाऱ्या प्रत्येक मध्यम आणि मोठ्या कारखान्याला हवेवाचून कुजवण्याची टाकी, म्हणजे आपल्या ओळखीचा बायोगॅस प्लांट, परवान्याच्या अटीतच बंधनकारक करावी. मात्र ती कमाईचं साधन म्हणून नव्हे, कारखान्याची मोरी म्हणून. घर बांधताना मोरी किती दिवसांत पैसे फेडेल, असं आपण गवंड्याला विचारतो का?

आधी कंपनीच्या माणसाचं घेऊ. ‘भाजीच तर आहे’ हे वाक्य ऐकायला निरागस वाटतं, आणि नाल्यासाठी तेच सगळ्यात घातक आहे. जे पटकन कुजतं ते कुजताना पाण्यातला प्राणवायू पटकन ओढून घेतं. टोमॅटोच्या एक लिटर रसात पन्नासेक ग्रॅम घन पदार्थ असतो आणि तो पुरता कुजवायला जवळपास तेवढाच प्राणवायू लागतो. पंचवीस अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे प्राणवायू असतो आठ मिलिग्रॅम. भागाकार करून पाहा : एक लिटर रस पाच-सहा हजार लिटर पाण्यातला, म्हणजे अर्ध्या टँकरातला, सगळा प्राणवायू खाऊन टाकू शकतो. दूध ओतलं तर त्याहून वाईट. मासे विषाने मरतात तसे गुदमरूनही मरतात, आणि गुदमरलेल्या माशाला कारण नैसर्गिक होतं की रासायनिक याच्याशी देणंघेणं नसतं.

हे फक्त कागदावरचं गणित नाही. आज ज्या भागाला सिलिकॉन व्हॅली म्हणतात ती कॅलिफोर्नियातली सँटा क्लारा व्हॅली पूर्वी जर्दाळू, पीच, टोमॅटो डबाबंद करणारं जगातलं एक मोठं केंद्र होती. उन्हाळ्याअखेर कॅनऱ्या, म्हणजे डबाबंदीचे कारखाने, जोरात चालायच्या आणि त्याच दिवसांत सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या दक्षिण टोकाला पाण्यातला प्राणवायू तळाला जायचा. सॅन होजेचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र १९५६ मध्ये सुरू झालं, पण नुसता गाळ खाली बसवून भागेना, म्हणून १९६४ मध्ये त्याला जैविक प्रक्रियेची जोड द्यावी लागली. शहराच्या मैल्याबरोबरच मोसमी कॅनऱ्यांचा भार पेलणं हे त्या केंद्राचं मोठं काम होतं. डब्यांचा नफा कारखानदारांचा झाला, मोरीचा खर्च मात्र शहरानेही उचलला. आपल्याकडे खर्च उचलायला शहरसुद्धा नाही. आहे तो ओढा, जो दिवाळीनंतर तसाही आटत आलेला असतो.

आता सल्लागाराकडे. तो या सगळ्याला ‘नवं तंत्रज्ञान’ म्हणत होता. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात १८९७ च्या सुमारास मैल्याच्या टाक्यांवर झाकण बसवून गॅस गोळा केला जात होता आणि त्यावर इंजिन चालत होतं. (इंटरनेटवर यासाठी १८५९ हे साल फिरतं. पण ते ज्या अ‍ॅक्वर्थ रुग्णालयाला, म्हणजे याच कुष्ठरुग्णालयाला, चिकटवलं जातं ते सुरूच झालं १८९० मध्ये, तेव्हा ते साल सोडून द्यावं.) त्याच्या दोनच वर्षं आधी इंग्लंडातल्या एक्सेटरमध्ये डोनाल्ड कॅमेरॉनने सेप्टिक टाकी बांधली आणि तिच्या गॅसवर दिवे लावले. दोन्हीकडे टाकी बांधली ती घाण निस्तरायला. गॅस हाती लागला म्हणून वापरला. सव्वाशे वर्षांनी आपण हा क्रम उलटा केला आणि त्या उलट्या क्रमावर योजना आखू लागलो. २०१८ च्या ऑक्टोबरात केंद्राने ‘सतत’ योजना आणली : २०२३ पर्यंत ५००० प्रकल्प, शुद्ध करून दाबाखाली भरलेला बायोगॅस तेल कंपन्या विकत घेणार. त्या आकड्याच्या आसपासही गाडी पोहोचली नाही. का पोहोचेल? गॅस शुद्ध करा, दाबा, नळकांड्यात भरा, ट्रकने पंपावर न्या, हा खर्च नैसर्गिक वायूशी स्पर्धा करत भरून काढायचा. आणि कच्चा माल कोणता, तर ज्याच्यात नव्वद टक्के पाणी आहे असा.

आकडे बघा. एक टन ओल्या भाजीच्या कचऱ्यात घन भाग असतो शंभर किलोच्या आसपास, त्यातला पचण्याजोगा ८५-९० किलो. किलोमागे चारशे लिटर बायोगॅस धरला तर ३५ घनमीटर होतो आणि त्याची उष्णता पंधरा-सोळा किलो एलपीजीएवढी. म्हणजे एका टनाला, ट्रॅक्टरची ट्रॉली भरून आणलेल्या लगद्याला, घरातल्या लाल सिलिंडरहून जेमतेम जास्त. यावर तीन वर्षांत गुंतवणूक वसूल करून दाखवणाऱ्याच्या लॅपटॉपमध्ये गॅस नसून हवा भरलेली असते.

पण हाच हिशेब मोरीच्या बाजूने मांडला की चित्र पालटतं. समजा, एक कारखाना दिवसाला तीन लाख लिटर सांडपाणी सोडतो आणि त्यात लिटरमागे चार ग्रॅम सीओडी आहे (सीओडी म्हणजे त्यातली घाण जाळून संपवायला लागणारा प्राणवायू). दिवसाची १२०० किलो घाण झाली. ती हवा फुंकून, म्हणजे नेहमीच्या ईटीपीत (सांडपाणी शुद्धीकरणाच्या संयंत्रात) ब्लोअर लावून संपवायची तर किलोमागे ढोबळमानाने एक युनिट वीज लागते, शिवाय रोज चारशे-पाचशे किलो कोरडा भरेल एवढा गाळ तयार होतो आणि तोही कुठेतरी टाकावा लागतो. हवेवाचून कुजवली तर त्यातली ८० टक्के, साडेनऊशे किलो, ब्लोअरविना जाते. गाळ पाचपट कमी. वर ३३०-३४० घनमीटर मिथेन, म्हणजे बायोगॅसमधला जळणारा वायू, मिळतो, ज्यात हॉटेलात लागतात तसल्या १९ किलोच्या तेरा-चौदा सिलिंडरांची उष्णता असते. हा गॅस विकायला कुठे न्यायचाच नाही. भाजी उकळायला, रस आटवायला, डबे निर्जंतुक करायला कॅनरीला दिवसभर वाफ लागते आणि बॉयलर टाकीपासून शंभर पावलांवर असतो. खरा फायदा गॅसच्या विक्रीत नाहीच; तो न जळलेल्या विजेत आणि न झालेल्या गाळात आहे. अशा फायद्याचं उद्घाटन करता येत नाही, म्हणून बहुधा तो कोणी सांगत नाही.

विरोधातले मुद्दे मात्र हलके नाहीत. सगळ्यात वजनदार मुद्दा गोठ्यातून येतो : जनावरं असताना कुजवायचं कशाला? वाटाण्याच्या शेंगांची टरफलं, मक्याच्या कणसांची पानं, टोमॅटोचा चोथा हा चारा आहे, आणि चाऱ्याच्या टंचाईत तो टाकीत ढकलणं पाप आहे. मला हे मान्य आहे. दूध देऊ शकणाऱ्या वस्तूचा गॅस करू नये. पण गोठ्याची भूक वर्षभर सारखी असते आणि कॅनरीचा कचरा मोसमाच्या दोन-चार महिन्यांत डोंगरासारखा येतो. ओला लगदा उन्हात एका दिवसात आंबतो, आणि आंबलेला, साखरेचा माल एकदम भरपूर खाल्ला की गाईच्या कोठीपोटात आम्ल वाढून ती आडवी होते, हे पशुपालकाला सांगायला नको. शिवाय धुण्याचं पाणी कुठली म्हैस पिणार? यावर एक चांगला तोडगा कॅलिफोर्नियातल्या ऑक्सनार्ड इथल्या गिल्स अनियन्स या कांदा सोलून-कापून विकणाऱ्या कारखान्याने काढला. कांद्याचा कचरा शेतात पसरून पसरून भागेनासं झालं तेव्हा त्यांनी तो दाबून पिळायला सुरुवात केली. चोथा गुरांना, रस टाकीत. २००९ पासून हे चाललं. गाय विरुद्ध गॅस हा वाद त्या पिळण्याच्या यंत्रापाशी संपतो. घट्ट माल गोठ्याचा, पातळ माल टाकीचा. आपल्याकडेही जळगावात जैन इरिगेशनने आंबा-कांद्याच्या प्रक्रियेतल्या कचऱ्यावर गॅस करून त्यावर वीज काढली आहे, तेव्हा हे परदेशी खूळ आहे असंही कोणी म्हणू नये.

कंपोस्टवाल्यांना माझं उत्तर थोडक्यात. खत चांगलं होतं, पण नव्वद टक्के पाण्याच्या लगद्याचा ढीग उभाच राहत नाही. त्यात पाचट, भुसा, काडीकचरा भरपूर मिसळावा लागतो, नाहीतर त्यातून काळा रस गळतो आणि ओढ्यालाच जातो. काडीकचरा असेल तिथे जरूर करा. सांडपाण्याचं कंपोस्ट होत नाही.

मग येतो मोसमाचा मुद्दा, जो मला स्वतःलाही बरीच वर्षं बिनतोड वाटायचा. रत्नागिरीत कॅनिंगचा आंबा दोन-अडीच महिने. टोमॅटोची मोठी आवक तीन-चार महिने. एरवी टाकी उपाशी. जिवाणू मरणार, पुढच्या वर्षी पुन्हा शेण घालून दोन महिने वाट बघणार, तोवर मोसम संपणार. पण या टाक्यांचा आजचा सगळ्यात पसरलेला प्रकार, ज्याला यूएएसबी म्हणतात, तो जन्मला कुठे? १९७० च्या दशकात नेदरलँड्समध्ये, वाखेनिंगन कृषी विद्यापीठाचे खात्से लेटिंगा बीटच्या साखर कारखान्यांच्या सांडपाण्यावर काम करत होते तेव्हा. बीटची साखर म्हणजे शरदात सुरू होऊन हिवाळ्यात संपणारा तीन-चार महिन्यांचा धंदा. मोसमी कारखान्यासाठी चालणार नाही म्हणून आपण जिला नाक मुरडतो, ती टाकी मोसमी कारखान्यातच वाढली. तिच्यातले जिवाणू एकमेकांना चिकटून रव्याएवढे दाणे करतात, तळाशी बसतात आणि अन्न तुटलं तर महिनोन्‌महिने निपचित राहतात. पुन्हा पाणी सोडलं की काही दिवसांत जागे. घरात जसं थोडं विरजण मागे ठेवतात, तसा गाळ मागे ठेवायचा. अट एकच, पहिल्याच दिवशी पंगत वाढायची नाही. भाजीतली साखर झपाट्याने आम्लात जाते, मिथेन करणारे जिवाणू त्यामानाने सावकाश खातात. मधल्या मध्ये सामू घसरला की टाकीलाही गाईसारखंच अपचन होतं. म्हणून आधी आम्ल होण्याची वेगळी टाकी, मग गॅसची, आणि लागेल तसं शेण. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी घरगुती संयंत्रात दाखवून दिलं होतं की पिठूळ आणि गोड मालातून शेणाच्या कैकपट गॅस फार लवकर निघतो. संस्थेला त्या कामासाठी २००६ मध्ये अ‍ॅश्डेन पुरस्कारही मिळाला. तो वेग हाच या मालाचा गुण आणि हाच त्याचा धोका.

आणि बंद पडलेले प्रकल्प? लखनौचा शहरी कचऱ्यावरचा पाच मेगावॉटचा प्रकल्प २००३ च्या सुमारास उभा राहिला आणि थोड्याच काळात थंड झाला. पुणे महापालिकेने वॉर्डावॉर्डांत पाच-पाच टनांचे प्रकल्प बांधले, त्यांतले कित्येक क्षमतेच्या अर्ध्यानेही चालले नाहीत. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ते का बंद पडले? टाकीत भाजीबरोबर माती, चिंध्या, प्लास्टिक, डबर गेलं म्हणून. कॅनरीच्या दारात येणारा माल रोज तोच, वजन केलेला, निवडलेला. कचरा वेगळा करण्याचं जे काम शहराला जमत नाही ते कॅनरीने आधीच, स्वतःच्या डब्याच्या काळजीने, केलेलं असतं. दुसरं कारण जास्त टोचणारं आहे. गोबरगॅसच्या काळापासून आपण अनुदान देतो ते बांधकामाला. खड्डा खणला, डोम बसला, फोटो निघाला, पैसे जमा. पुढे ज्योत पेटते की नाही हे मोजलंच जात नाही. गावोगावच्या कोरड्या पडलेल्या गोबरगॅसच्या खड्ड्यांनी दोष शेणावर घेतला. खरा तो मोजणीच्या पद्धतीचा होता.

ग्रामसभेतल्या पोरांचं म्हणणं मी शेवटी ठेवलं, कारण त्यांच्या बाजूने अनुभव होता. डिस्टिलऱ्यांनाही गॅसच्या टाक्या होत्या, तरी नदीला मळीमिश्रित पाणी आलंच ना? आलं. डिस्टिलरीच्या स्पेंट वॉशमध्ये, म्हणजे मद्यार्क काढून उरलेल्या पाण्यात, लिटरमागे लाखभर मिलिग्रॅम सीओडी असतो. टाकीतून गेल्यावरही तीस-चाळीस हजार उरतो, काळा रंग तर जातच नाही. बरेच कारखाने गॅस काढून घेऊन उरलेलं पाणी ‘प्रक्रिया केलेलं’ म्हणवत राहिले. शेवटी २००३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सनदेत डिस्टिलऱ्यांनी सांडपाणी अजिबात बाहेर सोडायचं नाही, असं ठरवावं लागलं. कॅनरीच्या पाण्यात तो चिवट काळा रंग नसतो, ते फार चांगलं पचतं. पण धडा तोच आहे : टाकी हा पहिला टप्पा आहे, शेवटचा नाही. आपल्या उदाहरणातल्या चार ग्रॅममधला आठशे मिलिग्रॅम टाकीनंतरही शिल्लक आहे. नाल्यात सोडायचं तर बीओडी (म्हणजे जिवाणूंना घाण कुजवायला लागणारा प्राणवायू) लिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या आत हवा, शेताला द्यायचं तर १०० च्या. म्हणजे मागे छोटा का होईना ब्लोअर हवाच. ज्या अहवालात दुसरी टाकी नाही तो परत पाठवावा. तसंच साल काढायला कॉस्टिक वापरत असतील किंवा मिठाच्या पाण्यात भाजी मुरवत असतील, तर ते सोडियमचं पाणी वेगळं काढावं. ते टाकीलाही सोसत नाही आणि ज्या शेतात स्लरी जाणार त्या शेतालाही. गॅस गळू न देणं हीसुद्धा अट हवी, कारण मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीसपट तापवतो. बॉयलर बंद असेल त्या दिवशी गॅस जाळून टाकायची मशाल लागतेच, आणि नेमकी तीच खर्च वाचवायला गाळली जाते.

छोट्या कारखान्याला हे सगळं झेपणार नाही, हे खरंच. त्यांच्यासाठी एमआयडीसीत सामाईक टाकी असावी. मोसम आलटून-पालटून येत असल्याने टोमॅटो संपला की द्राक्षाचा चोथा, मग आंबा, अशी ती वर्षभर जेवेलही. मात्र खाद्यपदार्थांचं पाणी रसायन कारखान्यांच्या सामाईक केंद्रात कधीही मिसळू नये. एकदा त्यात धातू आणि रंग उतरले की स्लरी शेताच्या कामाची राहत नाही, आणि तिथून पुढे तो विषारी कचरा ठरतो. अनुदान द्यायचंच तर काँक्रीटला देऊ नका. आत आलेला सीओडी आणि बाहेर गेलेला सीओडी यातल्या फरकावर, मीटर बघून, दर महिन्याला द्या. मग ज्योत विझली की पैसे थांबतील आणि मालक स्वतः टॉर्च घेऊन टाकीपाशी जाईल.

त्या ग्रामसभेत ना-हरकतीचा ठराव पुढच्या बैठकीवर गेला. उठता उठता एका आजींनी कंपनीच्या माणसाला विचारलं, ‘बाबा, दिवाळीनंतर कारखाना बंद राहिला की त्या टाकीकडे लक्ष कोण ठेवणार? राखणदार कोण, त्याचं नाव सांग.’ त्याने ‘आमची टीम आहे’ असं काहीतरी उत्तर दिलं. त्या म्हणाल्या, ‘टीम नको, नाव सांग.’ अर्जासोबतच्या चाळीस पानी अहवालात गॅसच्या उत्पन्नाचे तीन तक्ते होते. तेवढं एक नाव मात्र त्यात कुठेच नव्हतं.